निर्मल चित्रकला : बदललेले रंग, विरळ झालेले लाकूड

निर्मल चित्रकला ही तेलंगणातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची लाकडावरील चित्रशैली होय. तिचे केंद्र असलेले निर्मल शहर हैदराबाद-नागपूर महामार्गावर, नांदेड जिल्ह्याच्या सीमेपासून जवळ आहे. २०१६ च्या पुनर्रचनेत ते स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय झाले.

या शैलीचा एक धागा इराणी लघुचित्रांशी जुळतो. सोळाव्या शतकात हुमायून बादशहाने मीर सय्यद अली व अब्दुस्समद या इराणी चित्रकारांना आपल्या पदरी आणले आणि त्यातून पुढे मुघल लघुचित्रशैली घडली. निर्मलच्या चित्रांत या शैलीचे दरबारी विषय व नाजूक रेषा आढळतात. जोडीला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृत्याही येतात. येथील कारागिरांना ‘नक्काश’ म्हणतात. मराठीतील ‘नक्षी’ याच शब्दकुळातील आहे.

इराणी लघुचित्र मुख्यतः कागदावर उतरते, तर निर्मलचे चित्र फळीवर. पूर्वी त्यासाठी खनिजे व वनस्पती यांपासून केलेले रंग वापरीत. सोनेरी झळाळीही वनस्पतींच्या रसातून साधली जाई. विसाव्या शतकात त्यांची जागा ड्युको या तयार रंगाने घेतली. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी आकृती ही आजची परिचित ओळख त्याच रंगात साकारते. फळीऐवजी प्लायवूड व हार्डबोर्डही रूढ झाले.

नैसर्गिक साहित्याची परंपरा आज प्रामुख्याने निर्मलच्या खेळण्यांत टिकून आहे. ‘पोनिकी’ या झाडाचे मऊ, हलके लाकूड कोरून सुटे भाग तयार करतात. चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते सांधतात. पृष्ठभाग गुळगुळीत झाल्यावर रंगकाम होते. गोमंतकीय वाचकांना शेजारच्या सावंतवाडीची आठवण यावी. तेथील खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची, आणि मूळच्या इराणी गंजिफांच्या पानांनाही चिंचोक्याचीच खळ.

निर्मलची खरी अडचण पोनिकीची आहे. हे झाड सावकाश वाढते. वर्षानुवर्षांच्या तोडीने ते जवळच्या जंगलांत विरळ झाले असून लाकूड दुरून आणावे लागते. निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्याने नावाच्या गैरवापराला आळा बसतो, लाकडाचा पुरवठा मात्र वाढत नाही. रंगाला पर्याय सापडला, तसा या लाकडाला अद्याप सापडलेला नाही. त्यामुळे पोनिकीची लागवड हा या कलेच्या भवितव्याचा कळीचा प्रश्न ठरतो.