वांगशी युआन

चीनच्या जिआंगसू प्रांतातील सुझोऊ शहरातील ऐतिहासिक खासगी उद्यान. शांघायच्या पश्चिमेस सुमारे १०० किमी.वर असलेल्या या शहराच्या जुन्या भागात, आग्नेयेकडील अरुंद गल्ल्यांमध्ये ते आहे. क्षेत्रफळ जेमतेम अर्धा हेक्टर. त्यातही राहत्या वाड्याने बरीच जागा घेतलेली. याच शहरातील झुओझेंग युआन त्याच्या जवळजवळ दहापट मोठे आहे.

दक्षिण सोंग काळात, बाराव्या शतकात, शी झेंगझी या अधिकाऱ्याने येथे घर व ग्रंथसंग्रह उभारला आणि बागेला एकांतवासी कोळ्याचे नाव दिले. दरबार सोडून मासे धरत राहावे, हे चिनी विद्वानांचे जुने स्वप्न. जाळे सहसा कोणी हाती धरले नाही, तो भाग वेगळा. अठराव्या शतकात सोंग झोंगयुआन याने पडीक झालेली ही जागा घेतली व तिला आजचे नाव (जाळ्यांचा धनी) दिले. शतकाच्या अखेरीस छू युआनत्सुन याने तिची फेररचना केली. आज दिसणारा आराखडा मुख्यतः तोच.

दिवाणखाने ओलांडून बागेत शिरले की मधोमध लहानसे तळे लागते. उद्यानाचे सारे कसब या तळ्याभोवती आहे. काठाला ठेंगणी, उघडी दालने असून उंच इमारती झाडे व खडकांच्या आड मागे सरकवल्या आहेत. त्यामुळे पाणी दबल्यासारखे वाटत नाही. तळ्याच्या दोन कोपऱ्यांत पाण्याचे अरुंद फाटे काढून त्यांवर पूल घातले आहेत. पाणी तेथे संपत असले, तरी ते पुढे वाहत गेल्याचा भास होतो. आग्नेय फाट्यावरील यिनजिंग हा कमानी दगडी पूल दोन-चार पावलांतच संपतो. पूर्ण मापाचा पूल या तळ्याला पेलवला नसता. पश्चिम काठच्या मंडपात चंद्रोदय पाहण्याची सोय आहे. वाड्याच्या विटांच्या दरवाजावरील कोरीवकामाकडे घाईतल्या पर्यटकांचे सहसा दुर्लक्ष होते, तेथे थांबावे.

१९३० च्या दशकात चित्रकार झांग दाछ्येन व त्याचा भाऊ शानझी येथे राहत. वाघांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या शानझीने बागेत वाघाचा बछडा पाळला होता. त्या बछड्याची समाधी येथे दाखवतात. उद्यान १९५८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९९७ मध्ये युनेस्कोने सुझोऊच्या अभिजात उद्यानांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत वांगशी युआन होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयातील, १९८१ मध्ये खुला झालेला चिनी चौक येथील द्येनछुन यी या भागावरून बेतला आहे.

झपाट्याने चालणाऱ्याची फेरी अर्ध्या तासात आटोपते, पण बाग बसून पाहण्यासाठीच रचलेली आहे. सुट्टीच्या दिवशी अरुंद वाटांवर कोंडी होते, म्हणून सकाळी दार उघडताच जाणे बरे. उबदार महिन्यांत रात्री वेगवेगळ्या दालनांत खुन्छू नाट्य व फिंगथान कथागायनाचे छोटे प्रवेश होतात. त्यांचे तिकीट वेगळे असते.