एफसी आन्यांग : क्लब गेला, चाहते राहिले

एफसी आन्यांग हा दक्षिण कोरियातील व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे. सोलच्या दक्षिणेला असलेल्या आन्यांग शहराचा हा संघ २०१३ मध्ये उभा राहिला, पण त्याची गोष्ट त्याआधीच सुरू होते.

एलजी उद्योगसमूहाचा संघ १९८४ पासून कोरियन लीगमध्ये खेळत होता. राजधानीतील क्लब बाहेर हलवण्याच्या धोरणामुळे १९९६ मध्ये तो सोल सोडून आन्यांगला आला. ‘आन्यांग एलजी चीताज’ या नावाने त्याने २००० मध्ये लीगचे विजेतेपदही मिळवले. मात्र २००२ च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या सोलच्या भव्य स्टेडियमला स्वतःचा संघ नव्हता. चाहत्यांचा विरोध न जुमानता २००४ मध्ये क्लब तिकडे हलवला गेला आणि त्याचे नाव ‘एफसी सोल’ झाले.

सोलवाले याला ‘घरी परतणे’ म्हणतात. आन्यांगकरांच्या लेखी ती सरळसरळ पळवापळवी. हा वाद आजही मिटलेला नाही.

पुढची नऊ वर्षे शहराला व्यावसायिक संघच नव्हता. मग महापालिकेच्या पाठबळावर नवा क्लब आला, तोही थेट दुसऱ्या श्रेणीत. जर्सीचा रंग जांभळा, कारण आन्यांग एकेकाळी द्राक्षांसाठी प्रसिद्ध होते.

दोन्ही संघ प्रथम २०१७ मध्ये कोरियन एफए कपमध्ये भिडले. सोलने २-० ने बाजी मारली. २०२४ मध्ये आन्यांगने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावून प्रथमच वरची श्रेणी गाठली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलच्या मैदानावर २-१ असा पराभव झाला. ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर आन्यांगने २-१ असाच विजय मिळवला.