निकाल कोणाचा?

मंडळी, गंगापूर रोडने येताना क्लासेसच्या पाट्या दिसतात. शिष्यवृत्ती परीक्षेत चमकलेल्या पोरांचे फोटो, खाली गुण. कौतुक आहेच. पण आम्हाला ते बघताना 1882 साल आठवतं.

त्या वर्षी हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. तेव्हा मुंबई इलाख्यात खासगी शाळांना निकालावरून अनुदान देण्याची पद्धत होती. मूळ विलायतेतलं, रॉबर्ट लो यांच्या 1862च्या संहितेतलं. साहेब येणार, वाचन, लेखन, गणित तपासणार; जितकी पोरं पास, त्या मानाने पैसे.

हिशेब सरळ वाटतो ना? जोतीरावांनी त्यातली मेख दाखवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जिथे लोक अशिक्षित, शाळेबद्दल उदासीन, तिथे मास्तराचं पोट भरेल इतकी मुलंच जमणार नाहीत. मग तिथे जाईल कोण? अशा ठिकाणी सरकारनेच शाळा चालवाव्यात, मुलांना खास उत्तेजन द्यावं.

म्हणजे बघा, पैसा निकालाला बांधला की शिक्षण आधीच शिकलेल्यांच्या वस्तीकडे वळतं. याच रस्त्यावरची मविप्र संस्था 1914 साली निघाली, ती सत्यशोधक विचारातून, बहुजनांच्या मुलांसाठी. ती पोरं निकालात नव्हती, कारण वर्गातच नव्हती.

म्हणून शाळेची टक्केवारी वाचताना आपण एवढं विचारू या : जे मूल परीक्षेला बसलंच नाही, ते कोणाच्या हिशेबात धरायचं?