ओढ्याचा फाटा

परवा ताईचा फोन आला. भाचा मे महिन्यात मित्रांबरोबर हिमाचलमधल्या एका खिंडीच्या ट्रेकला निघालाय. "तुझ्याकडे जुने नकाशे असतील ना, ते दे त्याला. आणि जरा बोल त्याच्याशी." मी बोललो. भाचा म्हणाला, "मामा, सगळं मोबाईलमध्ये आहे. नेटवर्क नसलं तरी चालतं."

आता यावर काय बोलणार? पण त्या निमित्ताने माळ्यावरची पुठ्ठ्याची नळी खाली काढली. आत चिकटपट्टीने जोडलेली प्रिंटाउट्सची भेंडोळी. २००४ सालची. चिकटपट्टी पिवळी पडून सुटलेली, पण पेनने आखलेली आमची वाट अजून दिसते.

त्या काळी हिमालयाचे नकाशे मिळवणं हाच एक ट्रेक होता. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी टोपोशीट म्हणजे सोन्याहून पिवळे, पण सीमेजवळच्या भागाचे आमच्यासारख्या हौशी लोकांना मिळत नसत. २००५ मध्ये नकाशांचं नवं धोरण आलं, सामान्य लोकांसाठी वेगळी मालिका निघाली. २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. आम्ही त्याआधीचे. मग कुणीतरी सांगितलं की अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात केलेले भारताचे नकाशे आहेत. ऑफिसातल्या प्रिंटरवर (साहेब जेवायला गेल्यावर) ते छापले. आपल्याच डोंगरांचा नकाशा टेक्सासहून आणायचा, याची गंमत वाटली होती.

पण ते अडीच लाखी नकाशे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. तिसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याला फाटा आला. एक दरी रुंद, ऐसपैस, समोर बर्फाचं शिखर. दुसरी म्हणजे डावीकडे कातळातली नुसती फट. खाली भेटलेल्या गद्दी मेंढपाळाने हाताने "डावीकडे" अशी खूण केली होती. पण आमच्या नकाशात ती फट नव्हतीच! आम्ही रुंद दरी धरली. संध्याकाळी बर्फाच्या भिंतीपाशी वाट संपली, पाऊस सुरू झाला. तंबू मागून येणाऱ्या सामानाबरोबर, तो बरोबर वाटेने पुढे गेलेला. चौघांत दोन स्लीपिंग बॅगा. त्या रात्री एक मित्र थंडीने असंबद्ध बोलायला लागला होता, हे घरी कधीच सांगितलं नाही. ताई, आज इथेच वाच.

पुढे काही वर्षांनी १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेबद्दल वाचताना एकदम थबकलो. तोच फाटा तिथेही होता!

एव्हरेस्टची गंमत बघा. त्याची उंची, २९,००२ फूट, १८५६ मध्ये जाहीर झाली होती. ती मोजली भारताच्या मैदानातून, शंभर मैलांहून दूर उभं राहून. पण पुढची पासष्ट वर्षं त्याच्या पायथ्याशी जायचं कसं, हे सर्वेक्षणवाल्यांना ठाऊक नव्हतं. नेपाळ बंद, तिबेट बंद. शेवटी १९२० मध्ये दलाई लामांची परवानगी मिळाली आणि मे १९२१ मध्ये हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखाली दार्जिलिंगहून मोहीम निघाली. शिखर चढायला नव्हे, मुख्यतः वाट शोधायला. हिमालयाचा दांडगा अनुभव असलेले डॉ. केलास कॅम्पा झोंगच्या वाटेवरच वारले. गिर्यारोहणाचा भार आला तो जॉर्ज मॅलरी आणि गाय बुलक या दोघांवर.

जूनच्या अखेरीस दोघे रोंगबुक हिमनदीवर पोहोचले. समोर एव्हरेस्टची उत्तर बाजू. शिखराच्या डाव्या अंगाला एक खिंड दिसत होती, तीच पुढे नॉर्थ कोल म्हणून ओळखली गेली. तिथवर पोहोचलं तर शिखराचा मार्ग सापडणार होता. पण खिंडीची अलीकडची बाजू भयंकर. पलीकडच्या बाजूने जायला हवं, आणि पलीकडे जायचं कुठून? मॅलरी महिनाभर हिमनदी पालथी घालत होता. कडे चढला, पश्चिमेकडच्या एका खिंडीवरून नेपाळच्या बाजूला डोकावून आला. मात्र हिमनदीच्या पूर्वेच्या काठाला एक अरुंद तोंड होतं. त्यातून ओढा बाहेर येत होता. आतली हिमनदी मागे सरकलेली, बाहेरून दिसतच नव्हती. तिकडे तो वळलाच नाही. खिंडीपलीकडचा बर्फ पूर्वेला खर्ता खोऱ्यात उतरत असणार, असा त्याचा हिशेब होता.

म्हणून सगळा डोंगर वळसा घालून मंडळी खर्त्याला गेली. तिथे गावकऱ्यांना विचारलं, चोमोलुंग्मा कुठे? त्यांनी नेलं ते कामा खोऱ्यात. मग उलगडा झाला की तिथल्या लोकांच्या लेखी चोमोलुंग्मा दोन होते, त्यातला एक म्हणजे मकालू! आपल्याकडे वाट विचारताना होतं तसंच. प्रश्नच अर्धवट असेल तर उत्तर देणारा बिचारा काय करणार?

इकडे ऑलिव्हर व्हीलर नावाचा कॅनडाचा माणूस वेगळंच काम करत होता. तो सर्वेक्षण विभागाचा. वडीलही सर्वेक्षकच, त्यांनी कॅनडातल्या डोंगरांत कॅमेऱ्याने नकाशे करायची पद्धत वापरली होती. पद्धत अशी: उंच जागी जायचं, तिवईवर कॅमेरा अगदी समतल लावायचा, चहूकडचे फोटो काढायचे आणि ओळखीच्या शिखरांचे कोन मोजायचे. मग दुसऱ्या जागेवरून तेच. एकच टेकाड दोन ठिकाणच्या फोटोंत सापडलं की रेषा आखून कागदावर त्याची जागा ठरवता येते. ऐकायला सोपं आहे. पण पावसाळ्यात, अठरा-वीस हजार फुटांवर, ढग हटायची वाट बघत तासन् तास बसायचं! मॅलरीनेही फोटो काढले होते, पण कॅमेऱ्यात काचा उलट्या बसवल्याने ते वाया गेले आणि पुन्हा काढावे लागले.

व्हीलरला शिखर गाठायचं नव्हतं, नकाशात जागा रिकामी ठेवायची नव्हती. त्यामुळे तो त्या अरुंद तोंडातही शिरला. आत त्याला एक मोठी हिमनदी सापडली, पूर्व रोंगबुक. ऑगस्टमध्ये त्याने काढलेला कच्चा नकाशा मॅलरीच्या हाती आला. तोवर सगळा बाडबिस्तरा पूर्वेला आलेला, म्हणून तिकडूनच पुढे जायचं ठरलं. १८ ऑगस्टला बावीस हजार फुटांहून उंच असलेल्या ल्हाक्पा ला खिंडीवरून पाहिलं, तेव्हा पलीकडची हिमनदी खरंच उत्तरेला वाहत होती. २४ सप्टेंबरला मॅलरी, बुलक आणि व्हीलर तीन हमालांसह नॉर्थ कोलवर पोहोचले, आणि वाऱ्यामुळे तिथूनच परतले. १९२२ आणि १९२४ च्या मोहिमा त्या अरुंद तोंडातूनच गेल्या. तिबेटच्या बाजूचा नेहमीचा मार्ग आजही तोच. मॅलरी १९२४ मध्ये त्याच डोंगरावर गेला, त्याचं नाव जगाला माहीत आहे. व्हीलर १९४१ मध्ये भारताचा सर्व्हेअर जनरल झाला, तरी त्याचं नाव किती जणांनी ऐकलंय? आणि त्याच मोहिमेत मोर्सहेडबरोबर हजारो चौरस मैलांचा नकाशा काढणारे लालबीर सिंग थापा, गुज्जर सिंग, तुरुबाझ खान यांचं नाव तर मीही त्यानंतरच वाचलं.

मॅलरीला नावं ठेवायची माझी काय लायकी? त्याच्याकडे निदान नकाशाच नव्हता. आमच्याकडे नकाशा होता, म्हणून आम्ही मेंढपाळाचं ऐकलं नाही. पण चूक एकाच जातीची. डोळे समोरच्या बर्फावर आणि बाजूने येणारं पाणी कुठून येतंय हे विचारायचं राहून गेलं.

रविवारी भाचा जेवायला आला होता. त्याच्या मोबाईलवर ती दरी काढून पाहिली. ती फट स्पष्ट दिसते, त्यावर वाटही आखलेली आहे. छान आहे. फक्त एवढंच सांगितलं, की फाट्यावर पाच मिनिटं थांबायचं, मोबाईल खिशात ठेवायचा आणि पाणी कुठून येतंय ते बघायचं. मेंढपाळ भेटला तर त्याला नीट, पूर्ण प्रश्न विचारायचा. आणि तंबू स्वतःच्या पाठीवर न्यायचा.

हो म्हणालाय. भेंडोळी मात्र त्याने नेली नाही. ती पुन्हा माळ्यावर गेली.