अस्वलासाठी कोणती बंदूक?

वाघाच्या शिकारकथांनी कपाटेच्या कपाटे भरली. अस्वल त्या पुस्तकांत भेटते ते बहुधा वाघ न मिळाल्याच्या दिवशी. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जंगलात राहणाऱ्या माणसाने मात्र हा क्रम उलटाच लावला असता. माणसाची चाहूल लागली की वाघ सहसा वाट सोडतो. अस्वलाची नजर अधू, कानही फारसे तिखट नाहीत. वारुळात तोंड खुपसून ते वाळवी ओढू लागले की त्याची फुरफुर लांबवर ऐकू येते, पण त्याला स्वतःला दुसरे काही ऐकू येत नाही. माणूस दहा पावलांवर आला की ते दचकते, मागच्या पायांवर उठते आणि थेट चेहऱ्यावर झेप घेते.

गडचिरोलीतल्या एटापल्लीचा मुलूख या प्राण्याला मनासारखा. सुरजागडच्या खडकाळ डोंगररांगांत कपारी आहेत, खाली बांबूची बेटे, मोह, तेंदू, जांभूळ, आणि पावलोपावली वारुळे. सगळा भाग अहेरी जमीनदारीतला, वस्ती माडिया गोंडांची. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा चांदा इंग्रजांकडे गेला, आणि महसूल, साग नि शिकार या तीन कामांसाठी साहेब या जंगलांत फिरू लागले. त्यांच्या सामानात बंदुका होत्या, आणि कोणत्या जनावराला कोणती बंदूक, हा त्यांच्या तंबूंतला कधी न संपणारा वाद होता.

आपल्याकडच्या नर अस्वलाचे वजन साधारण ८० ते १४५ किलो. अलास्काची तपकिरी अस्वले त्याच्या तिप्पट-चौपट भरतात. तिथला शिकारी .३७५ (इंचात मोजलेला नळीचा व्यास) किंवा त्याहून जड रायफल घेतो ती हाडामांसाच्या डोंगरातून गोळी आरपार जावी म्हणून. चांद्याच्या जंगलात अडचण वेगळीच होती. इथे जनावर मध्यम, पण अंतर वीस पावलांचे आणि वेळ दोन-तीन सेकंदांचा. त्यात लांब काळ्या केसांमुळे अंग कुठे संपते आणि नुसते केस कुठे सुरू होतात हे झाडोऱ्यातल्या सावलीत कळत नाही. छातीवरचा पांढरा पट्टा हाच काय तो नेम धरण्याजोगा, आणि तो दिसतो ते अस्वल समोर उभे ठाकल्यावर.

१८६० च्या दशकात मध्य प्रांतात काम केलेला कॅप्टन जेम्स फोर्साइथ या वादातला सर्वांत अभ्यासू माणूस. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी निघाले. पण त्याआधीच, १८६३ साली, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्या काळी लांबट गोळीचा नवा बोलबाला होता. फोर्साइथने उलट बाजू घेतली. मोठ्या नळीत गोल शिशाची गोळी, आतले पीळ अगदी मंद आणि दारू भरपूर, अशी त्याची मांडणी. पीळ मंद असला की जास्त दारूनेही गोळी खाचांतून निसटत नाही, ती वेगाने आणि जवळपास सरळ रेषेत जाते, आणि घाईच्या क्षणी अंतराचा हिशेब मांडत बसावे लागत नाही. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा गोळ्या होतील एवढी नळी. अशी एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. एवढे शिसे जवळून बसले की अस्वल जागीच थबकत असे. फोर्साइथचे म्हणणे जंगलातून आलेले होते, म्हणूनच ते आजही पटते.

पुढच्या पिढीने ते बाजूला सारले. १८७० नंतर एक्सप्रेस रायफलींची लाट आली. हलकी, टोकाला पोकळ गोळी आणि काळ्या दारूचा मोठा भार. हरणावर त्यांचा परिणाम भीषण होई. पण ती गोळी लागताच फुटे, आणि दाट केस, कातडे, खांद्याचे स्नायू यांतून आत पोचण्याआधीच तिचे तुकडे होत. इंग्रज शिकारी सॅम्युएल बेकरने १८९० च्या आपल्या पुस्तकात धोक्याच्या जनावरांवर पोकळ गोळी वापरण्याविरुद्ध कडक शब्दांत लिहिले आणि .५७७ ची भरीव शिशाची गोळी उचलून धरली. जखमी अस्वल म्हणजे काय हे त्या काळच्या शिकाऱ्यांना ठाऊक होते. जोडीने चाललेल्यांपैकी एकाला गोळी लागली की ते शेजारच्या अस्वलावरच तुटून पडे, आणि तो गोंधळ निवळला की दोघांनाही माणूस दिसे.

अस्वलासाठी सर्वांत शहाणी वस्तू कदाचित १८८५ साली जन्मली. कर्नल फॉस्बेरी यांनी पेटंट घेतलेली आणि हॉलंड अँड हॉलंडने बनवलेली ही पॅराडॉक्स बंदूक. नळी गुळगुळीत, फक्त तोंडाजवळच्या दोन-तीन इंचांत पीळ. तीच दुनळी सकाळी छऱ्यांनी मोर-तितर मारी आणि दुपारी जड गोळीने शंभर यार्डांपर्यंत अस्वल थांबवी. वजन कमी, खांद्याला चटकन लागणारी, आणि दुसरा बार लगेच हाताशी. हाक्यात, म्हणजे रान उठवून केलेल्या शिकारीत, बसलेल्या माणसाला याहून जास्त काय हवे असते?

नंतर कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली, धूर गेला. १८९८ मध्ये रिग्बीने .४५० नायट्रो एक्सप्रेस काढली. १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० वर बंदी घातली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींचा व्यास तोच होता आणि गोळ्या भलत्या हातांत पडण्याची धास्ती होती. बंदूक कारखानदारांनी मग .४६५, .४७० असे नवे व्यास काढले. फौजेच्या .३०३ पासूनही खाजगी माणसाला दूर ठेवले गेले. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल परवानेदारांच्या घरी दिसते, तिचे मूळ याच धोरणात आहे. म्हणजे कोणत्या व्यासाची गोळी मारायची हे अनेकदा जनावर पाहून नव्हे, तर बंडाची भीती पाहून ठरले.

चांद्याला ती भीती नवी नव्हती. बाबूराव शेडमाके यांचा इंग्रजांविरुद्धचा उठाव १८५८ मधला. २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्यात फाशी दिले गेले. वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा आला आणि बंदुकीला परवाना लागू लागला. त्याच काळात हिंस्र जनावरे मारण्यासाठी बक्षिसे होती आणि सरकारी तक्त्यांत वाघ, बिबट्या, लांडगा यांच्यासोबत अस्वलाचाही रकाना होता. अस्वल मारावे अशी सरकारची इच्छा, पण ज्याला ते रोज भेटे त्याच्या हाती चांगली बंदूक असू नये अशीही. या विसंगतीची किंमत जंगलातल्या माणसाने मोजली.

त्याच्याकडे कुऱ्हाड होती, तिरकमठा होता, कुत्री होती. गावात एखादी भरमार असे. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक: नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी गजाने ठासायची, वर शिसे किंवा लोखंडाचे तुकडे, पुन्हा चिंधी, मग खाली टोपी बसवायची. दारू सोरा, गंधक आणि कोळशाची. पावसाळ्यात ती दमट होते. बार एकच, दुसरा भरायला निवांतपणा लागतो, आणि अस्वल तो देत नाही. ससा, डुक्कर, फार तर चितळ, यांसाठी ती बरी. अस्वलावर भरमार झाडणे म्हणजे बहुतेक वेळा त्याला जखमी करून आपल्याकडे बोलावणेच. साहेबाच्या दुनळीचे मोल दोन बारांत होते, आणि सोबतीला भरलेली दुसरी बंदूक घेऊन माणूस उभा असे. ही सोबत करणारा, हाका उठवणारा, जखमी जनावराच्या मागावर पुढे चालणारा माणूस इथलाच असे. त्याचे नाव पुस्तकात क्वचित येते.

दक्षिणेत शिकारी लेखक केनेथ अँडरसन यांनी आपल्या .४०५ विंचेस्टरने म्हैसूर राज्यातले एक उपद्रवी अस्वल मारले; त्याने बारा माणसे मारली होती. ती कथा जगभर वाचली गेली. एटापल्ली-भामरागड पट्ट्यातल्या हल्ल्यांची नोंद मात्र बराच काळ रुग्णालयात झाली. १९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे अस्वलाने चेहरा फाडलेले रुग्ण येत. डोळा गेलेला, गालाचे मांस लोंबणारे. वीज आणि साधने नसताना त्यांनी ते चेहरे शिवले. अस्वलाच्या पंजाची खरी मोजदाद हीच, आणि कोणत्याही शिकारीच्या पुस्तकापेक्षा ती जास्त सांगते. त्याच हेमलकशात अनाथ अस्वलेही वाढली, हेही सांगायला हवे.

जमीनदारी १९५१ मध्ये गेली, जंगले सरकारची झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधने आली, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. आज अस्वल अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या बरोबरीने. हे योग्यच झाले. हल्ले मात्र थांबले नाहीत. लगतच्या, तेव्हा बस्तरसह असलेल्या मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अस्वलांनी ७३५ माणसांवर हल्ले केले, त्यांतली ४८ दगावली. बंदूक या आकड्यांवर उपाय नव्हता, कारण ही माणसे शिकारीला निघालेली नव्हती. ती मोह वेचायला, सरपण आणायला, शेतावर निघाली होती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोह गळतो तेव्हा फुले पहाटे वेचावी लागतात, आणि अस्वलही रात्रभर त्याच झाडांखाली असते. म्हणून एटापल्लीकडच्या बायका एकट्या जात नाहीत. टोळीने, मोठ्याने बोलत, काठी आपटत जातात, आणि झाडाजवळ गेल्यावर आधी हाळी देतात. हल्ला झालाच तर वनविभागाकडून भरपाई मिळते. त्यासाठी पंचनामा लागतो, डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागतात.