पाच हजार डॉलरची हमी

ओहायोत येऊन मला पस्तीस वर्षं झाली, पण बेलफाऊंटन गाव पाहिलं ते निवृत्त झाल्यावर. नावाचं स्पेलिंग फ्रेंच, उच्चार मात्र अस्सल ओहायोचा! जन्मभर रस्त्यांचे हिशेब केलेला मी; सौ.ला म्हटलं, "चल, एक रस्ता बघून येऊ." "रस्ता बघायला एवढा रस्ता तुडवायचा?" ती म्हणाली. पण आली.

तिथला कोर्ट ॲव्हेन्यू हा अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या काँक्रीट रस्त्यांपैकी. जॉर्ज बार्थोलोम्यू यांनी १८९१ मध्ये मेन स्ट्रीटवर आठ फुटी पट्टा करून दाखवला, मग १८९३ मध्ये कोर्टाभोवतीचे रस्ते. गावाचा विश्वास बसेना, तेव्हा या गृहस्थांनी सामान फुकट दिलं आणि वर पाच वर्षं टिकेल म्हणून पाच हजार डॉलरची हमी लिहून दिली! घोडे घसरू नयेत म्हणून पाडलेल्या चौकोनी खाचांवरून मी हात फिरवला.

मला आठवला आपला पुण्याचा जंगली महाराज रस्ता. १९७६ साली रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन केलेला, आणि तोही डांबरी! पुढे कित्येक वर्षं त्याला खड्डा ठाऊक नव्हता. म्हणजे जिंकलं काँक्रीटही नाही न् डांबरही नाही. कुणीतरी सही केली होती.

अर्थात कोर्ट ॲव्हेन्यूवर अवजड ट्रक फारसे नसतात, हेही खरं. इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते ६० दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले, तेव्हा कळलं की आसावरचं वजन दुप्पट झालं की नुकसान साधारण सोळापट होतं.

आता हिशेब. डांबर आज स्वस्त, पण दर बारा-पंधरा वर्षांनी नवा थर मागतं. काँक्रीट आज महाग, नंतर बराच काळ गप्प. मग स्वस्त काय? तीस वर्षांनी लागणारा एक डॉलर ७ टक्के दराने आज १३ सेंट ठरतो, ३ टक्क्यांनी ४१ सेंट. दर चढा धरा, पुढच्या दुरुस्त्या फुकटच वाटतात! १९९५ च्या कायद्याने अडीच कोटी डॉलरच्या वरच्या राष्ट्रीय महामार्ग कामांना असा आयुष्यभराचा हिशेब सक्तीचा केला होता. १९९८ मध्ये सक्ती गेली.

आमच्या वसाहतीचा खासगी रस्ता उखडला, तेव्हा सभेत मी दोन्ही दरांचे तक्ते मांडले. ब्याऐंशी वर्षांच्या शेजारीणबाईंनी विचारलं, "तुझा स्वतःचा विश्वास कुठल्या दरावर?"

"तीन टक्क्यांवर," मी म्हणालो.

मतदानात डांबर जिंकलं. माझाही हात डांबरासाठीच वर होता. पुढच्या वर्षी घर विकून लेकीजवळ राहायला जायचं आमचं घाटत होतं. सौ. माझ्याकडे बघत होती, पण गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही.