बंदोबस्त : सुरगाणा व नाशिकच्या डोंगरी मुलखातील बंडे आणि राज्यसत्ता

(१)

मराठी कारभाराच्या भाषेत ‘बंदोबस्त’ हा शब्द दोन अगदी निरनिराळ्या क्रियांसाठी वापरला जातो. जमिनीचा सारा ठरवून देणे, वतनदारांचे हक्क लावून देणे, घाटवाटांची राखण कोणी करावी व तिचा मोबदला कोणी द्यावा हे निश्चित करणे, या सर्वांना ‘बंदोबस्त’ म्हणत. आणि फितूर झालेल्या नाइकावर शिबंदी पाठवून त्यास धरणे किंवा मारणे यासही ‘बंदोबस्त’च म्हणत. फारसीतून आलेल्या या शब्दाचे दोन्ही घटक बांधण्याच्या कल्पनेशी निगडित आहेत. वचनाने बांधणे आणि दोराने बांधणे यांतील भेद मात्र हा शब्द सांगत नाही. एखाद्या जुन्या कागदात ‘भिल्लांचा बंदोबस्त केला’ एवढेच वाक्य आढळले, तर त्या भिल्लांना नेमणूक मिळाली की फाशी, हे वाचकास केवळ त्या वाक्यावरून कळणार नाही.

शस्त्र हाती घेतलेल्या प्रजेशी राज्यकर्त्यांनी बोलणी करावीत की तिच्यावर लष्कर पाठवावे, हा राज्यशास्त्रातील एक जुना वाद आहे. तो बहुधा दोन परस्परविरोधी मार्गांमधील निवड म्हणून मांडला जातो. सुरगाणा आणि त्याच्या आसपासच्या डोंगरी मुलखाचा १८१८ ते १८६० या काळातील इतिहास पाहिला असता मात्र ही मांडणी अपुरी वाटू लागते. राज्यकर्त्यांनी या मुलखात दोन्ही मार्ग वापरले, आणि पुष्कळदा एकाच वेळी वापरले. शांतता कोठे टिकली व कोठे टिकली नाही, याचे कारण मार्गाच्या निवडीत नसून अन्यत्र शोधावे लागते.

(२)

सुरगाणा हा आज नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील हा प्रदेश एका बाजूस डांगला व दुसऱ्या बाजूस धरमपूरच्या मुलखाला भिडलेला आहे. नार व पार या नद्या याच भागात उगम पावून पश्चिमेस जातात, आणि हातगडचा किल्ला देशावरून गुजरातेत उतरणाऱ्या वाटेवर उभा आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी व भिल्ल हे येथील प्रमुख रहिवासी. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत सुरगाणा हे देशमुख घराण्याचे एक लहान संस्थान होते.

मराठी राज्यात या देशमुखांकडून नियमित खंडणी वसूल झाली नाही. मुलूख दुर्गम, उत्पन्न बेताचे आणि घाटवाटा मात्र महत्त्वाच्या. अशा स्थितीत देशमुखाने डोंगरातील भिल्लांना आवरावे व सरकारने त्याच्या अंतर्गत कारभारात फारसे लक्ष घालू नये, अशी ही व्यवस्था होती. ही व्यवस्था कोणत्याही एका करारात लिहिलेली नव्हती. ती वहिवाटीने चालत आली होती, आणि वहिवाटीचे सामर्थ्य व दौर्बल्य ही दोन्ही तिच्या ठायी होती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी या घराण्याचे वेगळे अस्तित्व मान्य केले. तथापि, त्यानंतर लवकरच इंग्रजांच्या एका तुकडीवर हल्ला झाला या कारणास्तव सुरगाण्यावर सैन्य पाठविण्यात आले; देशमुखास पकडून फाशी देण्यात आले आणि त्याच घराण्यातील इतरांचा अधिकार मान्य करण्यात आला. लष्करी दृष्टीने हा प्रश्न त्वरित निकालात निघाला. परंतु अधिकार कोणाचा, हा तंटा त्यानंतर अनेक वर्षे त्या घराण्यात चालू राहिला. फाशीने हल्ल्याचे शासन झाले. घाटवाटा राखण्याचा मोबदला म्हणून चालत आलेल्या जुन्या वहिवाटीचे पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नव्हते.

(३)

सुरगाण्याच्या पूर्वेस बागलाण आणि त्यापलीकडे खानदेश. त्या मुलखात हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा सातपुडा, सातमाळा व सह्याद्री यांच्या कुशीतील भिल्ल नाईक आपापल्या टोळ्यांसह वाटा अडवून बसले होते. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली कॅप्टन जॉन ब्रिग्ज हे तेथे पोलिटिकल एजंट म्हणून आले. त्यांनी घाटांच्या तोंडाशी चौक्या बसवून डोंगरातील धान्याचा पुरवठा तोडला, आणि त्याच वेळी जे नाईक शरण येऊन वाटा राखण्याचे कबूल करतील त्यांना नेमणुका देऊ केल्या. काही नाईक आले, काही आले नाहीत, आणि आलेल्यांपैकी काही पुन्हा डोंगरात गेले.

या अविश्वासाचे कारण भिल्लांच्या स्वभावात शोधण्याची त्या काळच्या अधिकाऱ्यांची रीत होती. त्यापूर्वीची एक घटना ध्यानात घेतली, तर त्या रीतीचा पोकळपणा दिसून येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत, बाळाजी लक्ष्मण या सरसुभेदाराने भिल्लांच्या एका मोठ्या जमावास कोपरगाव येथे बोलावून आणले, दग्याने पकडले आणि त्यांपैकी बहुतेकांना विहिरींत टाकून मारले. बोलावण्याचा शब्दच जेथे सापळा ठरला, तेथे पुढच्या पिढीने सरकारच्या बोलावण्यावर विश्वास ठेवावा ही अपेक्षाच अवाजवी होय. लष्करी स्वारीत झालेली हानी काही वर्षांत भरून निघते. मोडलेल्या शब्दाची हानी पुढे येणाऱ्या दुसऱ्या राज्यालाही सोसावी लागते.

१८२५ मध्ये बागलाणात पुन्हा उठाव झाला. सेवाराम नावाच्या इसमाने सातारच्या महाराजांच्या नावाची बनावट पत्रे दाखवून भिल्लांना एकत्र केले, आणि अंतापूर लुटले गेले. ले. जेम्स औट्रम यांनी थोड्या शिपायांनिशी डोंगरावर अकस्मात हल्ला करून हा जमाव उधळला. या प्रकरणी एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. बंडासाठी लोकांना एकत्र आणायला छत्रपतींच्या नावाचा कागद लागला. म्हणजे हे लोक सत्तामात्राच्या विरोधात उभे होते असे नव्हे. ज्या सत्तेने आपले हक्क मान्य केले होते असे त्यांना वाटत होते, तिच्या नावाने ते नव्या सत्तेविरुद्ध उठत होते.

मुंबई सरकारने त्याच वर्षी आपले धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्स्या स्थापन करण्यात आल्या. मागील गुन्हे माफ करावेत, नाइकांचे जुने हक्क तपासून द्यावेत, ज्यांना शेती करावयाची त्यांना तगाई द्यावी, आणि तंटे एजंटाने समक्ष ऐकून तोडावेत, अशी ही योजना होती. तिच्या जोडीस भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे काम औट्रम यांच्याकडे सोपविण्यात आले. आरंभी मोजकीच माणसे आली. धरणगाव हे ठाणे झाले आणि पलटण हळूहळू वाढली. खानदेशातील भिल्लांचा उपद्रव पुढील काही वर्षांत पुष्कळच कमी झाला, हे यश नाकारता येत नाही.

परंतु त्या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८३० मध्ये हीच पलटण डांगवर गेली. ज्यांना अभय मिळाले होते त्यांच्याच हातून त्यांच्या शेजाऱ्यांचा मुलूख जिंकून घेण्यात आला. पुढे १८४२ मध्ये डांगच्या राजांकडून व नाइकांकडून तेथील सागवानी जंगलाचे पट्टे घेण्यात आले. कागदावर ही वाटाघाटच होती. सह्या करणारे होते, मोबदलाही ठरला होता. पण सही राजाची आणि जंगल साऱ्या गावाचे, हा भेद त्या कागदाने पुसून टाकला. जंगले राखीव होऊ लागली तेव्हा ज्यांची लाकूडतोड, शिकार व फिरती शेती बंद झाली, त्यांना १८४२ च्या बोलण्यांत कोणी विचारले नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत डांगमध्ये पुन्हा पुन्हा उठाव झाले, त्याची मुळे येथे आहेत. डांगच्या राजांच्या वंशजांना मिळणारा वार्षिक तनखा मात्र आजही होळीपूर्वी आहव्याच्या दरबारात समारंभाने दिला जातो.

(४)

बोलणी झाली आणि फिसकटली, याचे या जिल्ह्यातील सर्वांत बोलके उदाहरण १८५७ चे आहे. ते सुरगाण्याच्या डोंगरापासून दूर, सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे घडले. भागोजी नाईक हा नगरच्या पोलिसांत अधिकारी होता. १८५५ मध्ये दंगा व पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याबद्दल त्यास शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीबद्दल त्याच्याकडून जामीन मागण्यात आला. १८५७ मध्ये सुमारे ५० भिल्लांसह तो पुणे–नाशिक रस्त्यानजीकच्या टेकडीवर जाऊन बसला.

मामलेदारांनी माणसे पाठवून त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. त्याची मागणी स्पष्ट होती : दोन वर्षांचा थकलेला पगार मिळावा आणि पुढील निर्वाहाची काही तजवीज व्हावी. हे उत्तर ऐकताच अहमदनगरचे पोलिस सुपरिंटेंडंट ले. हेन्री यांनी चढाईचा हुकूम दिला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी झालेल्या या चकमकीत हेन्री मारले गेले. त्या बातमीने आसपासचे अनेक भिल्ल उठले. डिसेंबरात पेठ संस्थानातील हरसूलचा बाजार लुटला गेला, त्र्यंबकवर हल्ला झाला आणि पेठच्या गादीचे दावेदार भगवंतराव यांना फाशी देण्यात आले. बंडवाल्यांचा पाठलाग करण्यासाठी कॅप्टन नटॉल यांच्या हाताखाली महादेव कोळ्यांची एक नवी पलटण उभारावी लागली. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी मिठसागरे येथे फ्रँक सूटर यांच्या तुकडीशी लढताना भागोजी पडला. दोन वर्षांच्या पगाराची मागणी नाकारल्यानंतर सरकारला दोन वर्षे लढावे लागले.

येथे सरकारची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्या ऑक्टोबरात उत्तर हिंदुस्थानातील युद्ध चालू होते. शस्त्र घेऊन टेकडीवर बसलेल्यास पगार दिला असता, तर उद्या प्रत्येक बडतर्फ शिपाई टेकडीवर बसला असता, ही भीती निराधार नव्हती. बंडास बक्षीस मिळते असे दिसू लागले, तर जे हक्कासाठी अर्ज करून मुकाट्याने वाट पाहतात त्यांच्यावर तो अन्याय ठरतो. वाटाघाटींच्या विरोधातील हा सर्वांत सबळ युक्तिवाद होय.

मात्र या युक्तिवादाचे बळ एका भेदावर अवलंबून आहे. बंडखोर नवे काही मागत आहे, की सरकारने पूर्वी मान्य केलेले व नंतर काढून घेतलेले परत मागत आहे? पहिल्या बाबतीत देणे हे बक्षीस ठरते. दुसऱ्या बाबतीत ते थकलेल्या ऋणाची फेड ठरते. भागोजीच्या मागणीत दोन्हींचे मिश्रण होते, आणि ते तपासून वेगळे करणे हेच बोलण्यांचे खरे काम होते. चढाईच्या हुकुमाने ती तपासणीच थांबली.

(५)

वरील घटनांवरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, बळाचा पूर्ण अभाव असता तर ब्रिग्ज यांच्याकडे कोणी नाईक आला असता असे म्हणता येत नाही. बळाने बोलण्यांपर्यंत येण्यास भाग पाडता येते. त्यापलीकडे त्याची मजल जात नाही. दुसरा असा की, बोलणी कोणाशी झाली हे ती झाली की नाही याइतकेच महत्त्वाचे आहे. डांगचे पट्टे हे त्याचे उदाहरण. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा असा की, शांततेचे आयुष्य कराराच्या दिवशी ठरत नाही. दिलेला शब्द पुढे कसा पाळला जातो यावर ते ठरते.

हे केवळ या जिल्ह्यापुरते खरे नाही. मिझोरममध्ये मार्च १९६६ मध्ये ऐजॉलवर विमानातून बाँब टाकण्यात आले. बंड मात्र पुढे २० वर्षे चालले. ३० जून १९८६ च्या कराराने ते संपले आणि पुन्हा पेटले नाही, कारण राज्याचा दर्जा व निवडणुका ही वचने थोड्याच काळात प्रत्यक्षात आली.

मराठी राज्यात उठून गेलेल्या रयतेस परत बोलावताना ‘कौल’ देत. ‘कौल’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘बोललेला शब्द’ एवढाच. सरकारने शब्द उच्चारला, म्हणजे सरकार बांधले गेले, अशी त्यामागील समजूत होती. सुरगाण्याच्या आणि शेजारच्या तालुक्यांच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी मोर्चा काढला. त्यात शस्त्र नव्हते, आणि बंडाशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. कसत असलेल्या वनजमिनीचे हक्क ही त्यातील एक मुख्य मागणी होती. १२ मार्च रोजी सरकारने लेखी आश्वासन दिले आणि मोर्चेकरी परतले. वचनांच्या पूर्ततेसाठी फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोर्चे निघाले.

निःशस्त्र माणसाला दिलेला शब्द जेथे वेळेवर पाळला जातो, तेथे सशस्त्र माणसाशी बोलावे की लढावे हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. बंदोबस्ताचा जो अर्थ वचनाशी निगडित आहे, तो जपला न गेल्यास दुसरा अर्थ आपोआप पुढे येतो, हीच या डोंगरी मुलखाच्या इतिहासाची शिकवण होय.